ईमान पडू नये म्हून

नऊ दिवस मी घर झाडलं नाही, काहून का माहा दीर आभाळात होता.

मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्साची गोठ. आमच्या इंझोरीत मानूस गावाले निंगाला का तो पोचेपरेंत झाडू हाती घ्याचा नाही. घेतला त वाटंत त्याच्यावर इघ्न येते. अकोल्याले गेला त दुपारपरेंत कचरा सोसाचा, बस! पन माहा दीर गौतम (सासू मेल्यावर मीच भाकर चारून वाढवला त्याले) गवंडीकामाले ईमानानं कुवेतले चालला!

शायेतल्या गुरुजीले पुसलं, "मुंबईहून किती दूर हाय जी?"

"साडेआठशे कोस, बाई."

मी शायेत गेली नोती, पन कोस मले समजत. बैलाची बंडी दिवसाले दहा कोस जाये. ईमान चार बंड्यायइतकं पळन, म्हनजे चाळीस. (राती कुठंतरी मुक्काम करतच असन ना!) भितीवर कोयशानं रेघा ओढल्या. एकवीस दिवस!

माहे मालक वैतागले, "अवं, पायाले काड्या टोचून राह्यल्या!"

"टोचू द्या. भाऊ कोनाचा लटकून राह्यला वर?"

मालकायनं घरातच वाहना घातल्या.

पाचव्या दिवशी कोंबडीनं कचऱ्यात अंडं देल्लं, ते सापडलंच नाही. सातव्या दिवशी शेजारीन चूल पेटव्याले इस्तो मांग्याले आली, उंबऱ्यातूनच पळाली. अन् नवव्या दिवशी किन्हीराजा गावचे पाव्हने माह्या ननंदेले पाह्याले आले, तेबी न सांगता! संग आमचे गुरुजी.

नवरदेवाच्या मायनं नाकाले पदर लावला. "पोरीले झाडता येत नाही काय वं?" अन् कोपऱ्यातला झाडू उचलून सरसर दोन हात मारले!

"माय व! ईमान पाडता काय!" मी वरडली अन् तिच्या अंगावरच पडली. पाव्हनी खाली, मी वर, झाडू मधात! दारात ननंद चहा घेऊन उभी, तिच्या हातचा समदा चहा पाव्हन्याच्या धोतरावर!

"कोनतं ईमान?" गुरुजी घाबरले.

"गौतमचं! अजून अर्धी वाटबी नाही झाली त्याची!"

"बाई, ते चार घंट्यात पोचते."

"चार दिवसात?"

"घंट्यात! यष्टी अकोल्याले जाऊन वापस येईन, तेवढ्यात कुवेत!"

मी कचऱ्यातच फतकल मारली. समदे हासून राह्यले, मले रडू आलं. माहं पोरगं कवाचंच जित्तं पोचलं होतं.

पाव्हनीनं लुगडं झटकलं, झाडू हळूच कोपऱ्यात ठेवला. म्हने, "दिरासाठी इतका जीव टाकते, तिच्या हाताखालची पोरगी आमाले पसंत हाय. पन आमच्या घरी रोज झाडा लागन, आताच सांगते!"

महिन्यानं गौतमचं पत्र आलं. गुरुजीनं वाचलं, "वयनी, सुखरूप पोचलो. गवंडीकाम अजून भेटलं नाही. उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी झाडू हाती देल्ला. हे एवढं मोठ्ठं ईमानतळ रोज मीच झाडून राह्यलो."

घ्या! ज्याच्यापायी मी झाडूले शिवली नाही, त्याच्या हाती त्याच दिवसायत झाडूच होता. माह्या वाट्याचं झाडनंबी तिकडंच झालं, बाप्पा!