टाकीवरची जाळी

मेरिडी नॉयमन खोटं बोलणारी बाई नव्हे. उलट नको तिथं खरं बोलून बसायची तिला खोड. नेटबॉलच्या सामन्यात पंचाचं चुकलं तर ती आपल्याच पोरींच्या विरुद्ध ओरडेल. चर्चच्या चहाला पाद्रीबाईंचा केक कोरडा निघाला तर "कोरडा झालाय हो" असं त्यांच्याच कपात चहा ओतता ओतता सांगेल. अशा बाईनं पोटच्या पोरीला तीन आठवडे खोटं सांगितलं, आणि तेही पाण्याबद्दल. विमेराच्या कोरडवाहू गव्हाच्या पट्ट्यात, जिथं छपरावरचा पाऊस साठवून प्यायचा, पाण्याबद्दल कुणी चेष्टेतही खोटं बोलत नाही.

पोरगी टॅमसिन, अकरा वर्षांची. हुशार, हाडकुळी, धुऊन धुऊन हात लाल झालेले. ती सात वर्षांची असताना नाताळच्या जेवणावर तिचा काका बिअर ढोसून सांगत बसला, की कुणाच्याशा टाकीत एकदा पॉसम मरून पडलं होतं आणि घरचे महिनाभर तेच पाणी पीत होते. पॉसम म्हणजे मांजराएवढं ते झाडावरचं जनावर, छपरावर धुडगूस घालणारं. सगळे खो खो हसले. मेल्याच्या जिभेला काही हाड? टॅमसिन हसली नाही. तिनं हातातला ग्लास खाली ठेवला, तो ठेवलाच.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. टाकीत काहीतरी मेलंय. ते पाणी पिऊन जोएल मरेल. आणि दोष माझा, कारण मला माहीत होतं आणि मी पाहिलं नाही. जोएल हा तिचा धाकटा भाऊ, तेव्हा नुकता जन्मलेला.

घरामागं छपराचं पाणी साठवायची मोठी टाकी, तिच्या तोंडाशी जाळी. शाळेच्या बसआधी टॅमसिन शिडी लावून वर चढायची. जाळी चारही बाजूंनी दाबायची, प्रत्येक बाजू चार वेळा. मधे कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. फाटकाशी बसवाला मर्व्ह भोंगा वाजवून दमायचा. "काय गं मेरिडी, महाराणी उतरल्या का?" असं खिडकीतून विचारायचा. दिवसातून आठ वेळा हे चालायचं, आणि एवढं करूनही पाणी प्यायची नाहीच. दूध, फळांचा रस, दुकानातल्या बाटल्या, त्याही झाकण तीनदा तपासून. मागच्या उन्हाळ्यात वर्गात चक्कर येऊन पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात पाणीच नाही.

आता एक गोष्ट, जी त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. टॅमसिनचा बाप बेवन पूर्वी दरवर्षी पेरणीआधी टाकीवर चढायचा, जाळी साफ करायचा, खिट्टी घट्ट करायचा. पोरगी रोज आठदा चढायला लागली तसं त्यानं चढणं सोडून दिलं. कशाला चढेल? खिट्टी जरा सैल झाली की टॅमसिन किंचाळत खाली यायची आणि तो पाना घेऊन जायचा. पोरीच्या आजारानं घरातलं एक काम उचललं होतं, आणि ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

महिन्यातून एकदा शहरातून रोवेना नावाची मानसोपचाराची बाई तालुक्याच्या गावी यायची. तिनं आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी, जोडीला चिंता. मग म्हणाली, "टॅमसिननं विचारलं की पाणी चांगलं आहे ना, तर तुम्ही हो म्हणायचं नाही."

"म्हणजे नाही म्हणायचं?" बेवननं विचारलं.

"नाही पण नाही. 'असेलही, नसेलही. आपण पिऊ.' एवढंच म्हणायचं."

मेरिडी उसळलीच. "पोर थरथर कापतंय आणि मी असेलही-नसेलही म्हणू? मग आई कशाला झाले?"

रोवेना शांतपणे म्हणाली, "तुमचं 'हो' तिला दहा मिनिटं पुरतं. अकराव्या मिनिटाला तिला दुसरं लागतं. किती दिवस पुरणार आहात तुम्ही? शंका पोटात घेऊन पाणी पिता येतं, हे तिला शिकायचंय." मग निघता निघता तिनं विचारलं, "टाकीची देखभाल घरातलं मोठं माणूस करतंय ना? लागेल तेवढीच, वेळच्या वेळी?"

"हो हो, मी करतो," बेवन म्हणाला. त्यालाही ते खरंच वाटलं असेल. पूर्वी करतच होता की.

फेब्रुवारीत रोवेनाच्या सांगण्यावरून शिडी शेडमध्ये कुलपात गेली. ते दिवस कसे काढले ते त्या घरालाच ठाऊक. टॅमसिन टाकीला कवटाळून बसायची, नखांनी पत्रा ओरबाडायची, आईला म्हणायची, "तुला जोएल मेलेला चालेल, होय ना?" मेरिडी दातओठ आवळून म्हणायची, "असेलही, नसेलही." मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची. पण रोवेना सांगत होती ते खोटं नव्हतं. मार्चमध्ये पोरीनं टाकीच्या पाण्याचा एक घोट घेतला. एप्रिलमध्ये अर्धा ग्लास. "पोरगी सुटतेय गं!" असं म्हणत बेवननं मेरिडीला स्वयंपाकघरात उचलून धरलं, तर तिच्या हातातली बटाट्यांची टोपली सांडली.

मे महिन्यात ती सकाळ आली. पेरणीची घाई. दोन दिवस उत्तरेचा वारा असा सुटला होता की शेतातली माती घरात आली होती, कुंपणालगतच्या झाडाच्या फांद्या छपरावर पडल्या होत्या. पहाटे पावसाची एक सर येऊन गेली. मेरिडी बेवनच्या डब्याला बीटचे सँडविच करत होती, जोएल एकाच बुटानिशी घरभर फिरत होता आणि फाटकाशी मर्व्हचा भोंगा. टॅमसिन ग्लास पुढ्यात घेऊन बसलेली.

"आई, एवढा वारा होता. जाळी जागेवर आहे ना?"

"असेलही, नसेलही. आपण—"

"एकदाच सांग. फक्त आज. तू पाहिलीस म्हणालीस ना, तर मी सगळा पीन. अख्खा."

भोंगा पुन्हा वाजला. मेरिडीनं पोरीकडे पाहिलं. सुकलेले ओठ, अंगात लोंबणारा गणवेश. चार वर्षांत तिनं पोरीला अख्खा ग्लास पाणी पिताना पाहिलं नव्हतं.

"पाहिली," ती म्हणाली. "मी स्वतः चढून पाहिली, बाळा."

टॅमसिननं ग्लास तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली घेतला नाही. मग तोंड पुसून बसकडे पळाली, आणि मेरिडी हातात सुरी घेऊन रडत हसत उभी राहिली. कोण आईला दोष देईल? द्यायचा तर एवढाच द्यावा, की बस गेल्यावर दहा मिनिटं काढून ती शिडी लावू शकत होती. लावली नाही. सँडविच न्यायचे होते, मेंढ्या हलवायच्या होत्या. आणि मनात आलं, बेवन बघतोच की.

दुसऱ्या दिवशी पोरीनं पुन्हा विचारलं. "आजही पाहिलीस?" एकदा दिलेलं कसं नाकारणार? "पाहिली." तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही तेच. टॅमसिनचे गाल भरले, ती नेटबॉलच्या सरावाला गेली, दोन गोल मारून आली. रोवेनाचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, "एकदम अख्खा ग्लास? तुम्ही तिला कसली खात्री तर देत नाही ना?"

"छे हो," मेरिडी म्हणाली.

पण तिला आतून बरं वाटत नव्हतं. पोरगी पाणी प्यायची ती आईच्या तोंडाकडे बघत. नजर हलायची नाही. एकदा मेरिडी पाठमोरी असताना "पाहिली" म्हणाली, तर टॅमसिननं तिला वळायला लावलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या आठवड्यात बेवन चहाचा घोट घेऊन म्हणाला, "दूध बदललंस का? चवीला कसलातरी वास येतोय." मेरिडीनं किटली घासली. वास गेला नाही. बेवन तोच चहा संपवून पेरणीला गेला.

सोमवारी जोएलला जुलाब सुरू झाले. मंगळवारी उलट्या, मग ताप, आणि दुपारपर्यंत पोर मान टाकून बसलं. मेरिडीनं गाडी काढली. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लावलं. चार वर्षांच्या हाताला शीर सापडेना, तिसऱ्या टोचणीला सापडली. ती रात्र तिनं त्याच्या उशाशी काढली. बुधवारी सकाळी बाळ डोळे उघडून आयस्क्रीम मागायला लागलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मग डॉक्टरांनी कागदावरून मान वर करून साधा प्रश्न विचारला, "घरी पाणी कुठलं पिता?"

"टाकीचं," ती म्हणाली.

बेवन आल्यावर जोएलला त्याच्यापाशी ठेवून ती घरी निघाली. बस चारला येते. टॅमसिन यायच्या आत बघायला हवं होतं. शेडचं कुलूप काढलं, शिडी लावली. अर्ध्यावरच तिला दिसलं की जाळी नाही. खिट्टी तुटून लोंबत होती आणि जाळी मागल्या गवतात पडली होती, तिच्यातून गवताची पाती वर आली होती. म्हणजे ती आज पडलेली नव्हती, काल पडलेली नव्हती. बॅटरीचा झोत आत टाकायची गरज नव्हती, नाकानं सांगितलंच होतं. तरी तिनं टाकला. फुगलेलं, केस झडलेलं, पोट वर करून तरंगत होतं ते. त्या टाकीचं पाणी पोरीनं एकवीस दिवस आईच्या शब्दावर प्यायलं होतं.

ती उतरली आणि कुंपणाशी जाऊन ओकली. मग बेवनला फोन लावून सगळं सांगितलं.

बेवन म्हणाला, "माझं काम होतं ते. मी चढायला हवं होतं."

"आता काय करू ते सांग."

"खालची तोटी खोल, सगळं पाणी सोडून दे. ते काढ आणि पूर. पाण्याचा टँकर मागवतो मी. आणि पोरीला सांगू नकोस, मेरिडी. पाया पडतो तुझ्या. पंप बिघडला म्हण. तिला कळलं तर संपलं सगळं."

"तू रोवेनाला हो म्हणाला होतास."

"आणि तू पोरीला," बेवन म्हणाला. ते त्याला माहीत होतं, हे मेरिडीला तेव्हा कळलं.

तिनं तोटी खोलली. लांब दांडीच्या आकड्यानं ते बाहेर ओढलं, मेंढवाड्यामागं खड्डा करून पुरलं, हात कोपरापर्यंत घासले. पण हजारो लिटर पाणी लपवायचं कुठं? आठवडेच्या आठवडे कोरडं पडलेलं अंगण, त्यात टाकीपासून रस्त्यापर्यंत चिखलाचा पट्टा झाला. आंधळ्यालाही कळलं असतं.

चारला बस आली. टॅमसिन फाटकाशी उतरली आणि चिखलाच्या कडेला थांबली. टाकीकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं. बुटाला चिखल न लागू देता वळसा घालून आत आली आणि दप्तर जागेवर ठेवलं.

"पंप—" मेरिडीनं सुरुवात केली, आणि तिला पुढं बोलवेना. पोरीचे डोळे तिच्या तोंडावर होते, रोज सकाळी असायचे तसे.

"तू जाळी पाहिली नव्हतीस," टॅमसिन म्हणाली.

"नाही, बाळा. पाहिली नव्हती."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

मेरिडी वाट पाहत होती, आता पोरगी किंचाळेल, भिंतीवर डोकं आपटेल. तसं काही झालं नाही. टॅमसिन खुर्चीवर बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं काहीतरी आलं.

"म्हणजे माझं बरोबर होतं," टॅमसिन म्हणाली.

"मी चुकले गं. मी खोटं बोलायला नको होतं. आजार वेगळा आणि हे वेगळं, रोवेना तुला नीट—"

"आत काय होतं?"

"पॉसम."

टॅमसिननं मान हलवली, वर्गात उत्तर जुळल्यावर हलवावी तशी. मग म्हणाली, "सकाळी बाबांच्या फोनवर तू म्हणालीस, जोएल बरा आहे."

"बरा आहे. खरंच बरा आहे. उद्या घरी येतोय."

टॅमसिन नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मेरिडीला आपलाच शब्द आपल्या कानाला पोकळ लागला. तिनं घाईघाईनं बेवनला फोन लावला आणि पोरीच्या हातात दिला. फोनमधून जोएलचं बोबडं बोलणं मेरिडीलाही ऐकू येत होतं. त्याला पिवळं आयस्क्रीम मिळालं होतं, शेजारच्या खाटेवर एक मोठा दाढीवाला माणूस घोरत होता, टॅमी तू कधी येणार. टॅमसिननं सगळं ऐकून घेतलं, "उद्या भेटू" म्हणाली आणि फोन ठेवला.

"पटलं ना?" मेरिडीनं विचारलं. "तोच होता ना?"

"असेलही," टॅमसिन म्हणाली. ती थोडा वेळ तळहात टेबलावर ठेवून बसली. मग फोन आईपुढं सरकवला.

"पुन्हा लाव."

'नाही' म्हणायला हवं, हे मेरिडीला माहीत होतं. नाही म्हणायचं, पोरीजवळ बसायचं, तिची भीती ओसरेपर्यंत बसून राहायचं. फेब्रुवारीपासून तीन महिने तिनं तेच केलं होतं. पण ते करायला आईच्या शब्दाला काहीतरी वजन लागतं. तिनं नंबर दाबला. बेवननं उचलला, "अगं, आत्ताच तर—" म्हणाला, मग काय ते समजून त्यानं फोन जोएलला दिला. टॅमसिननं ऐकलं आणि ठेवला.

"पुन्हा," ती म्हणाली. "आणि या वेळी मधे बोलू नकोस, नाहीतर पहिल्यापासून मोजावं लागेल."

मेरिडीनं पुन्हा लावला.