चाटलेला दगड

मंडळी, दुपारपासून तीनदा दात घासलेत, तरी स्वतःची जीभ तोंडात नकोशी वाटतेय.

मी बारामतीत कॉलेजात भूशास्त्र शिकवते. कच्छहून आणलेला प्रवाळाच्या जीवाश्माचा तुकडा काल माती सुटावी म्हणून बाथरूममध्ये बादलीत भिजत ठेवला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उबदार समुद्रातला, नुसत्या खळग्याखळग्यांचा.

आज वर्गात तो जिभेने ओला केला. दगड ओला झाला की नक्षी उठून दिसते, आमच्यात ही जुनी सवय आहे. खळग्यांत पांढरं काहीतरी होतं. "हे कॅल्साइट," मी मुलांना ठासून सांगितलं.

घरी आले, तर परवाच निरवांगीहून मुक्कामाला आलेले माझे चुलते, तात्या, पाय पसरून बसलेले. जन्मभर मेंढरांमागं चाललेले पाय.

"पोरी, बादलीतली ती टाचा घासायची वज्री कुठं गेली? लई झ्याक हाय. बघ की, पार गुळगुळीत झाल्या."

मी बेसिनकडे पळाले. परत येऊन खरं काय ते सांगितलं.

तात्यांनी तोंड वाकडं केलं. "शी. दगड चाटतीस व्हय?" आणि माझ्या हातचा चहा नको म्हणाले.

चहाचं राहू द्या. पण वहीत कॅल्साइट लिहून घेतलेल्या मुलांना उद्या मी काय सांगू?