शपथेत न बसलेली गोष्ट

"गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन शपथ घेतली होती तुमी!"

"मग खोटी कुठं घेतली? बिलोलीत कुणासंगं झोपलो न्हाई मी. जे झालं ते तोंडानं. त्याला काय झोपणं म्हन्तेत का?"

"आन् ओठावरचा तो फोड? चुन्यानं तोंड आलं म्हन्लात. मी येडी, तूप लावत बसले!"

"हळू बोल की. बाहेर टँकरला गर्दी हाय."

रेणापूरच्या पेठेत महादेवीचा आवाज आजवर दुकानाच्या उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. उदगीरच्या भुसारवाल्याची लेक. सासरी आली तशी खाली मान घालून नांदली. दोन गर्भ गेले, तेही मुकाट सोसले. आता चौथा महिना होता. नवरा वीरण्णा दुष्काळात कडब्याच्या व्यापारासाठी बिलोलीकडे महिनामहिना राही. तो परतला की ती शपथ मागे, तो घेई, आणि दोघं निर्धास्त होत.

लातूर जिल्हा झाल्यापासून तपासणीला लांब जावं लागत नव्हतं. काल तिथल्या डॉक्टरीणबाईंपाशी तिने भीत भीत नवऱ्याच्या फोडाचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा असू शकतो. तोंडावाटेही लागते ती, आणि तोंडावाटे पुढेही जाते. फोड दुखत नाही, आपोआप बसतो. माणसाला वाटतं, सुटलो. रोग रक्तात तसाच राहतो. दोघांचंही रक्त तपासू. आज काही निघालं नाही तरी तीन महिन्यांनी पुन्हा. तोवर एकमेकांपासून लांब राहा. वेळेत इंजेक्शनं घेतली तर बरं होतं. उशीर झाला तर पोटातल्या बाळालाही धरतं."

तेच महादेवी आता एकेक करून सांगत होती. वीरण्णा ओठावरून बोट फिरवत राहिला.

"ह्ये बघ, कवाच बसला. खूणसुद्धा न्हाई."

"बसला म्हनूनच तर भ्या वाटायलंय. तुमच्या शपथंत काय बसतं आन् काय न्हाई, ते पोटातल्याला काय कळतंय? चला माज्यासंगं. दोघंबी सुई टोचून घिऊ."

"आगं, रक्त दिलं म्हंजे कबूल केल्यागतच की! उद्या आपले गुरू जंगमस्वामी घरी आले तर त्यांच्या पायाला कोणत्या तोंडानं हात लावू? तूच सांग!"

महादेवीने डोक्यावरचा पदर नीट केला, पायात चपला सरकवल्या आणि टँकरच्या गर्दीतून वाट काढत ती लातूरच्या गाडीकडे निघून गेली.