सामाईक जागेतलं दुकान

अंजना रागीट आहे हे आष्ट्याच्या आसपास सगळ्यांना ठाऊक होतं. ती रागीट का झाली, हे विचारायच्या भानगडीत मात्र कुणी पडलं नव्हतं. नवरा ज्योतिबा सैन्यात, वर्षातले बरेच महिने तिकडं आसामात. घर चालायचं थोरल्या दिराच्या, आप्पासोंच्या शब्दावर. ऊस सामाईक, गोठा सामाईक, दारातली मोटरसायकल सामाईक, आणि अंजनाचे कष्ट तर सगळ्यांत आधी सामाईक. तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, तिची चटणी.

चटणी म्हणजे कांदा-लसणाचा मसाला. मिरची उन्हात कडकडीत वाळवायची, कांदा तेलात तांबूस होईपर्यंत परतायचा, आणि मग सगळं डंकावर कुटून आणायचं. ज्योतिबा सुट्टी संपवून जाताना डबा भरून न्यायचा. मेसमधल्या पोरांनी तो चाटूनपुसून संपवला आणि मागणी सुरू झाली. जवानांच्या बदल्या होत गेल्या तशी चटणी पठाणकोटला पोचली, जोधपूरला पोचली. बायका एकमेकींना सांगत गेल्या. फोनवर ऑर्डरी घेऊन घेऊन अंजनाचा घसा बसायला लागला, तेव्हा ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं.

चूक झाली ती इथं. आमच्या भागातल्या कुठल्याही घरानं अगदी हीच चूक केली असती.

आप्पासोंचा मुलगा वीरधवल बैलगाडी शर्यतींची वेबसाइट चालवायचा. कुठल्या गावाला मैदान आहे, कुणाची जोडी पळणार, निकाल काय लागला, सगळं त्यावर. त्यासाठी त्यानं एका कंपनीकडून होस्टिंग घेतलेलं होतं. होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा, दुकानाला जसा गाळा लागतो तसा. अंजना म्हणाली, "मी माझं येगळं होस्टिंग घेते." आप्पासोंनी जेवता जेवता मान वर केली.

"येगळं कशाला? वीरूची जागा हाय न्हवं? त्यातच बसीव तुझं दुकान. उद्या माणसं म्हणतील, धाकटी सून येगळी निघाली."

आता इंटरनेटवरची जागा वेगळी आहे का एकत्र, हे गावात कुणाला दिसणार होतं? पण 'वेगळं' हा शब्दच आप्पासोंच्या कानांना सोसत नव्हता. ज्योतिबानं फोनवरून री ओढली, "दादांचा शब्द मोडू नगंस." अंजनानं राग गिळला आणि दुकान पुतण्याच्या जागेत बसवलं. एका घरातली माणसं, वेगळं खातं कशाला, असा विचार तिनंही केलाच.

ज्या दिवशी मोठं मैदान असेल, त्या दिवशी तिचं दुकान अडखळायचं. एका नळावर दोन घरं असली की खालच्यानं तोटी सोडल्यावर वरच्याला थेंब मिळत नाही, तसलाच प्रकार. शर्यतीचे निकाल बघायला अख्खा जिल्हा वीरधवलच्या साइटवर तुटून पडायचा आणि चटणीचं पान उघडता उघडेना. तिनं त्याला सांगितलं, पुन्हा सांगितलं, बजावून सांगितलं.

"काकी, एक दिवस थांबलं तर काय बिघडतंय?" तो म्हणायचा.

बिघडत कसं नव्हतं? चटणीचा हंगाम आणि यात्रांचा हंगाम एकच. उन्हाळ्यात लोक वर्षाची चटणी भरून ठेवतात. ते दिवस हातचे गेले की अंजनाचं वर्ष गेलं.

एप्रिलमध्ये जोधपूरच्या फॅमिली क्वार्टरमधल्या बायकांनी मिळून सगळ्या घरांची वर्षाची चटणी एकदम मागवायचं ठरवलं. रविवारी ऑर्डर टाकणार होत्या. अंजनानं त्या भरवशावर मिरची आधीच कुटून ठेवली होती. रविवारी सकाळी तिकडून फोन आला, "वैनी, तुमचं दुकान उघडंना झालंय. बंद केलं काय?"

अंजनानं मोबाईलवर बघितलं. चटणीच्या जागी पांढरं पान आणि खातं बंद केल्याची इंग्रजीतली सूचना. वीरधवलनं शर्यतींचे अख्खे व्हिडिओ त्याच जागेत चढवून ठेवले होते. कंपनीनं इशारे दिले होते, ते त्यानं वाचलेच नव्हते. शेवटी कंपनीनं सगळं खातं बंद करून टाकलं. त्याच्या बैलांबरोबर हिची चटणीही गेली, गिऱ्हाइकांचे पत्तेही गेले. तिनं कंपनीला फोन लावला, तर उत्तर आलं, खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच बोलायला सांगा. आणि ज्यांच्या नावावर आहे ते महाशय फोन बंद करून मैदानात.

अंजनानं स्कूटी काढली. आष्टा रस्त्याच्या मैदानात बायका सहसा जात नाहीत. ती धुरळ्यातनं, माणसांतनं सरळ आत गेली. मंडपात आप्पासो फेटा बांधून पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेले. खाली वीरधवल कॅमेरा लावून उभा.

"वीरू, खात्याचा पासवर्ड दे."

"काकी, फायनल सुटायलीया. माझी बी साइट बंदच हाय की. मंगळवारी बघू."

"तुझी फायनल गेली तर पुढल्या रविवारी दुसरी हाय. माझं वरीस चाललंय." असं म्हणून ती कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

आप्पासो तरातरा खाली आले. "घरची गोष्ट घरात बोलावी. भर मैदानात काय लावलंय हे?"

"घरात लय बोलून झालं, आप्पा. घरात माझं कोण ऐकतंय?"

आजूबाजूची माणसं बैल सोडून इकडं बघायला लागली. कुणीतरी हसलं. वीरधवलनं लाजेकाजेस्तव पासवर्ड सांगितला, मायेनं नाही.

तिथून ती इस्लामपूरला गेली. साक्षी नावाची मुलगी तिथं वेबसाइटची कामं करते. तिनं कंपनीच्या मागे लागून अंजनाच्या दुकानाची प्रत, म्हणजे बॅकअप, सोडवून घेतली, पण त्यात दोन दिवस गेले. तोवर जोधपूरच्या बायकांनी दुसरीकडून चटणी मागवली. ती ऑर्डर गेली ती गेलीच. कुटलेली मिरची पिंपात तशीच राहिली.

मग साक्षीनं नवीन जागा दाखवल्या. स्वस्तातली घेतली तर एकाच मशीनवर शंभर जणांच्या साइट असतात. थोडी महाग घेतली तर आपला वाटा राखून ठेवलेला असतो.

"माझ्या वाट्यात दुसऱ्या कुणाला शिरता येईल?" अंजनानं विचारलं.

"नाही."

"रोजच्या रोज प्रत ठेवत्यात? बंद पडलं तर मी फोन केल्यावर माझ्याशी बोलतील?"

"खातं तुमच्या नावावर असेल तर तुमच्याशीच बोलतील."

"मग तीच दे. शेजारी लय झाले."

नवीन जागा घेतली त्याच संध्याकाळी ज्योतिबाचा फोन आला. बायकोची नुकसानी त्यानं विचारली नाही. "दादा म्हणत्यात तू घर फोडलंस."

"व्हय," अंजना म्हणाली आणि फोन ठेवला.

रात्री आप्पासो जेवायला बसले. अंजनानं ताट मांडलं, तव्यावरची भाकरी वाढली. त्यांनी ताट पुढं सरकवलं.

"येगळं निघालेल्या हातचं मी जेवत न्हाई."

थोरली जाऊ तोंडाला पदर लावून चुलीपाशी बसली होती. आता अंजना पाया पडेल, चुकलं म्हणेल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. वीरधवलसुद्धा मोबाईल खाली ठेवून बघत होता.

अंजनानं ताट उचललं, आत नेलं आणि त्याच ताटावर स्वतः जेवायला बसली. भाकरीतनं अजून वाफ येत होती. तिनं तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि जीभ भाजली. या घरात पुरुष उठल्याशिवाय बायका बसत नाहीत. गरम भाकरी कशी लागते हे तिला लग्नानंतर आज पहिल्यांदा कळत होतं, आणि तिला खरा राग आला तो तेव्हा.