चौकशीबाई आणि आजींची बोटं

वॉर्डात सगळे तिला चौकशीबाई म्हणत. ती नर्स होती. पण ताप बघता बघता पेशंटला असं काहीतरी विचारायची की तो दुखणं बाजूला ठेवून सांगत बसायचा. ऑपरेशनच्या भीतीने पांढऱ्याफटक पडलेल्या पोस्टमनकाकांना तिने विचारलं होतं, "काका, सगळ्यात चावरं कुत्रं कुठल्या दारात होतं?" झालं! काका कुत्र्यांवर असे काही घसरले की त्यांना स्ट्रेचरवर घ्यायला आलेली माणसंही ऐकत उभी राहिली.

नोकरीच्या सुरुवातीला इनचार्ज सिस्टर बजावायच्या, "चेहरा हसरा ठेव गं." ती इमानेइतबारे ठेवायची. संध्याकाळी गाल दुखायचे आणि दिवसभराचा राग घरी नवऱ्यावर निघायचा. शेवटी ओढूनताणून हसणं तिने सोडलं. माणसांबद्दलचं कुतूहल मात्र तिच्यात मुळातच होतं. त्याला मोकळं सोडलं.

मग त्या आजी आल्या. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. तोंड कायम भिंतीकडे. घास पुढे केला की ओठ मिटून घ्यायच्या. डाव्या हाताची बोटं मात्र सारखी चादरीवर चालायची. चिमटीत काहीतरी धरायचं, पिळायचं, ओढायचं. झालं की पुन्हा तेच.

"काय करतायत या?" तिने सुनेला विचारलं.

"कोण जाणे. डावखुऱ्या आहेत, त्यामुळे तोच हात चालतो."

"आधी काही काम करायच्या?"

"घरातलंच की. दुसरं काय?"

चौकशीबाईला चैन पडेना. घरी भाजी निवडताना तिची बोटं आपोआप तसंच करू लागली. नवरा म्हणाला, "तुला काय झालंय?"

दुसऱ्या दिवसापासून तिने अंदाज लावायला सुरुवात केली. "आजी, मटार सोलताय?" आजींनी मान हलवली. नाही. "स्वेटर?" नाही. "घड्याळाला चावी?" नाही. भिंतीकडचं तोंड हळूहळू तिच्याकडे वळायला लागलं. एकदा ती कानाशी वाकून म्हणाली, "खरं सांगा, तरुणपणी खिसे कापायचात ना?" आजींचं अर्धंच तोंड हसलं, पण हसलं. त्या दिवशी त्यांनी वाटीभर खिमट खाल्लं.

त्याच आठवड्यात पोस्टमनकाका गेले. ऑपरेशन नीट झालं होतं, पण पुढे जंतुसंसर्ग झाला. चादरींच्या खोलीत जाऊन ती पोटभर रडली. बाहेर नवीन नर्स उभी होती. "ताई, तुम्ही तर नेहमी आनंदी असता. कसं जमतं?"

"कुठे गं जमतं?" तिने तोंड धुतलं. "आज तर नाहीच. पण त्या आजींचं अजून कळलेलं नाही ना मला." आणि ती निघाली.

ती आजींचा रक्तदाब बघायला वाकली, तेव्हा तिचा अंबाडा सैल झाला होता. आजींनी चटकन तिच्या केसांतला आकडा ओढून काढला. मग सुटलेला एक केस. "आई गं!" ती ओरडली. आजी टेबलावरच्या जखमेच्या जाळीदार पट्टीकडे बोट दाखवत होत्या. तिने ती दोन्ही हातांनी ताणून धरली. आजींनी केस जाळीच्या भोकातून आकड्याने ओढला, पिळला आणि गाठ मारली.

चौकशीबाईच्या लख्खकन ध्यानात आलं. "टोप! आजी, तुम्ही केसांचे टोप विणायचात?"

आजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मान मात्र जोरजोरात हलत होती. हो, हो.

संध्याकाळी मुलगा आला. "लग्नाआधी आई नाटकवाल्यांकडे कामाला होती म्हणतात," तो ओशाळून म्हणाला. "आम्ही कधी विचारलंच नाही."

पुढे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तेच काम धरलं. जाळी, जाड दोरा, आणि लुळ्या हाताने नुसतं दाबून धरायचं. उजवा हात फारसा सुधारला नाही. पण एका सकाळी चौकशीबाईने जाळी ढिली धरली आणि आजींच्या तोंडून कितीतरी दिवसांनी पहिला शब्द फुटला.

"घट्ट!"

तोही चांगला खेकसून. सगळा वॉर्ड हसला. चौकशीबाईने जाळी ताणली आणि म्हणाली, "बरं बाई. पण आता सांगा, हा टोप राजाचा की राणीचा?"

आजी विचारात पडल्या.