अठरावं घर

सात रस्त्यापासनं जुळे सोलापुरापर्यंत एलईडीचं कुटलंच काम मला इचारल्याबिगर हुत न्हवतं. म्हंजे लोक मामांना इचारायचे, "त्यो तुमच्याबरुबर येनार न्हाय न्हवं?" आन मगच काम ठरायचं.

मामा माझे सख्खे मामा न्हवंत. ते जेऊरचे, मी केमचा. दोन्ही टेसनं एकाच लायनीवर, तेवढ्यावर मी नातं लावून घेतलं. बंद पडलेल्या गिरनीत ते वायरमन हुते. नाव सांगत न्हाय. आज असते तर म्हनले असते, "माझं नाव कशाला? कामाचं बोल की."

कुनाच्याबी घरात गेले की मामा आधी मीटरपाशी जायचे. मेन बंद करायचे, फ्यूज उपटायचे आन शर्टाच्या खिशात टाकून वरनं खिशाचं बटन लावायचे. घरमालक हसायचा. "मामा, आमी फ्यूज चोरतोय व्हय?"

"चोरत न्हाय. परत लावताय," मामा म्हनायचे.

मग टेस्टर. मग उलट्या हातानं वायरीला हळूच शिवून बघायचं. टेस्टर लावल्यावर परत हात कशाला, म्हनून मी एकदा इचारलं. म्हनले, "टेस्टरबी मानसानंच केलाय." आन उलटा हात का? "झटका बसला की मूठ मिटती. सुलट्या हातात वायर आली तर सुटत न्हाय." गिरनीत त्यांचा एक जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत असाच चिकटला हुता. त्याचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं न्हाय. पन दर दिव्याच्या आधी हात पँटला पुसायचे, कोरडा असला तरी.

"बटनावर इस्वास ठेवू नगंस," दिवसातनं धा येळा म्हनायचे. "बटन कुनी बसवलंय, तुला म्हाईत न्हाय."

मला म्हाईत हुतं. लई ठिकानी मीच बसवलं हुतं.

मामांकडं येन्याआधी मी एका ठेकेदाराकडं घरांची वायरिंग करायचो. शाळा पाचवीत सोडली, वायरिंग बघून बघून शिकलो. लाल वायर गरम, म्हंजे करंटाची, काळी थंड, एवढंच शास्त्र. त्यात मी डोकं चालवलं. म्हनलं, बटनाला बायापोरांचा हात लागतो, वर दिव्याला कोन शिवतंय? म्हनून गरम वायर थेट दिव्याला नेली आन थंड वायर बटनातनं फिरवली. दिवे लागले, लोक खूश, ठेकेदार खूश. आपन लोकांचा जीव वाचवतोय म्हनून सगळ्यात खूश मी.

तुमच्यातल्या जानकारांना आत्ताच घाम फुटला असंल. मला फुटायला लई वर्षं लागली.

मग एलईडी आली. हापिसं, मंगल कार्यालयं, चादरीची दुकानं, सगळीकडनं ट्यूबा उतरायला लागल्या. चोक काढायचा, पट्टी बदलायची, शिडी उचलायची, फुडं. एका चादरीच्या दुकानदाराला डोळं दिपतील असा पांढराफेक उजेड पायजे हुता. मामांनी मरून रंगाची एक चादर त्या उजेडात धरली, मग उन्हात धरली. दोन रंग दिसले. "गिऱ्हाईक घरी जाऊन बघनार. शिव्या मला न्हाय, तुला." दुकानदारानं जरा पिवळसर उजेडाच्या पट्ट्या घेतल्या. मी मात्र "मालक, पांढरंच झकास दिसतंय" म्हनून बसलो हुतो. मामांनी मला शिडी धरायला लावलं. शिडी दुकानाच्या भाईर हुती.

तर घट बसायला चार दिस हुते. ज्या नगरात मी वायरिंग केली हुती तितल्या एका वैनींचा फोन आला. "अवो, तुमी दिलेला नवा बल्ब बंद केला तरी मिनमिनतोय की."

मी म्हनलं, "वैनी, कंपनीनं फुकट झिरोचा बल्ब दिलाय. मजा करा."

दुसऱ्या घरातली तेलुगू आजी तर म्हनली, "आमचं गेलेलं मालक परत आलंय बघ. बंद दिव्यात बसून बघतंय माझ्याकडं. काढू नको हां." मी लई हसलो. दोन्ही किस्से चहा पिताना मामांना रंगवून सांगितले.

मामांनी कप खाली ठेवला. अर्धा कप तसाच. "चल," म्हनले.

वैनींच्या सैपाकघराच्या खिडक्या आमी भर दुपारी लावून घेतल्या. बटन बंद. वर दिवा काजव्यागत जळत हुता. मामा स्टुलावर चढले, बल्ब काढला आन होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. बटन बंद आन टेस्टर लाल.

"मेलेल्या दिव्यात जित्ता करंट," मामा म्हनले. "पिवळ्या बल्बात हे दिसत न्हवतं. एलईडीला जराशी गळती पुरती, म्हनून दिसलं. हे कुनी केलंय?"

"कुनीतरी गाढव असंल," मी म्हनलं.

मामा स्टुलावरनं माझ्याकडं बघत ऱ्हायले. मी लई येळ टिकलो न्हाय.

"किती घरं?"

"अठरा."

"नक्की?"

"अठरा बोर्डांना मी माझ्या हातानं भोकं पाडलीती, मामा."

मामा खाली उतरले. वैनींच्या दारात दोरीवर धुतलेली पांघरुनं हुती, भांडी अंगनात, बादलीत फडकी. घट बसायच्या आधीची झाडलोट. सगळ्या नगरात तेच चाललं हुतं. "आता बाया काय करनार?" मामा म्हनले. "बटन बंद करनार, स्टुलावर चढनार आन वल्लं फडकं घेऊन होल्डर पुसनार."



दोन दिस आमी घरोघर फिरलो. पयल्या दारात मी म्हनलं, "वैनी, एलईडीची सर्विसिंग करायला आलोय." मामांनी मागनं कोपर मारलं. "खरं सांग. कशाला हात लावायचा न्हाय ते त्यास्नी कळाय नगं व्हय?" मग दर दारात मी सांगायचो, "मी चुकीची वायर जोडली. मेन बंद केल्याबिगर दिव्याला शिवू नगा." एका काकूंनी लाटनं उगारलं. एका भाऊंनी इचारलं, "आन तू अजून धंदा करतूस?" मामा माझ्या बाजूला उभे ऱ्हायचे, आन ऐकून झालं की गुडघ्यावर हात टेकून मीटरकडं निघायचे. तेलुगू आजीच्या घरात वायर बदलल्यावर दिवा पुरा इझला. आजी म्हनली, "घालवलंस व्हय रे त्यास्नी?" मामांनी तिला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सतरा घरं झाली. सतरापातूर सगळ्या बाया धडधाकट. मी उड्या मारायच्या बेतात.

"अठरावं?" मामा म्हनले.

मला आठवंना. गल्ली दोनदा फिरलो. मामा म्हनले, "आठव. चहा कुनी दिला हुता? शिव्या कुनी दिल्या हुत्या?"

"सगळ्यांनी दोन्ही दिलं हुतं."

ते हसले न्हाईत. "तितली बाई आत्ता पुसत असंल," म्हनले. मग माझ्या तोंडाकडं बघत हळूच इचारलं, "तुझ्या घरातली वायरिंग कुनी केली रे?"

अठरावा बोर्ड मी ठेकेदाराचा डोळा चुकवून घरी नेला हुता.

आन आमच्या घरात एलईडी न्हवती. आख्ख्या सोलापुराला पांढरा उजेड देत फिरनाऱ्या मानसाच्या सैपाकघरात पिवळा बल्ब. बायको कवाधरनं म्हनत हुती, मी म्हनायचो, आनतो की. एलईडी असती तर मिनमिनून सांगितलं असतं. पिवळा बल्ब गप बसला हुता. सकाळी मी निघताना बायको पदर खोचत म्हनली हुती, "आज सैपाकघर काढते पुसायला."

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला.

गाडीवर मामा मागं बसले. सात रस्त्याला सिग्नल लागला. तांबडा. मी तसाच घुसनार हुतो. मामांनी खांद्यावर हात दाबला. "पडू नगंस. पडलास तर कोन जानार?"

आमचं दार उघडं हुतं. आतलं सैपाकघर समोर दिसत हुतं. बायको पत्र्याच्या डब्यावर चढलेली. बल्ब काढून कट्ट्यावर ठेवलेला. हातात फडकं, कोपरापातूर पानी गळतंय, आन हात वर चाललाय.

मी वराडनार, तेवढ्यात मामांनी मागनं माझ्या तोंडावर हात दाबला. कानात म्हनले, "दचकली तर होल्डरच धरंल."

आन त्यो दुखऱ्या गुडघ्याचा मानूस मीटरकडं पळाला. टक करून आवाज आला. भाईरच्या खोलीतला पंखा सावकाश होत थांबला.

"लाईट गेली वाटतं," बायको सोताशीच म्हनली, आन वल्ल्या फडक्यानं होल्डर पुसला. चांगला धरून, पिळून पुसला. आमी दोघं बघत ऱ्हायलो.

मी उंबऱ्यावर बसलो. बायको खाली उतरून म्हनली, "भर दुपारी कसे काय? मामा, तुमाला घाम किती आलाय." मामांच्या मुठीत फ्यूज तसाच हुता. त्यास्नी खिसाच सापडत न्हवता.

ऐकून घेतल्यावर बायको म्हनली, "तरीच. गेल्या साली पुसताना हाताला मुंग्या आल्याल्या. ह्यास्नी सांगितलं तर म्हनले, तुझ्याच अंगात करंट हाय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सोता वायर बदलली, नवी एलईडी लावली. स्क्रू तीनदा हातातनं पडला. तिन्ही येळा बायकोनं उचलून दिला.

त्याच्या पुढच्या थंडीत मामा गेले. दुखनं छातीचं, चार दिसांचं. करंटानं न्हाय, एवढं मी देवाला म्हनलं.

आता मी एकटाच जातो. दिव्याला हात घालायच्या आधी मी परत खाली उतरून मीटर बघून येतो. लोक म्हनत्यात, ह्यो लई येळ लावतो.

मागच्या म्हैन्यात मामींकडं गेलो. बुद्धाच्या आन बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मामांचा फोटो, फुडं मेनबत्ती. मामींनी चहा दिला. लई दिसांपासनं मनात हुतं ते इचारून टाकलं. "मामी, मामा घरी माझ्याबद्दल काय म्हनायचे?" मला वाटलं, कायतरी गोड ऐकायला मिळंल.

मामींनी इचार केला. "म्हनायचे, मानूस वाईट न्हाय, पन त्याला एकट्याला कामाला सोडू नगा. आता कोन असतंय तुझ्याबरुबर?"

"कोन न्हाय. एकटाच जातो."

मामींनी माझ्या हातातली बशी काढून घेतली.

"मग जाऊ नगंस."