घरमालकिणीची सही

दोन हजार सहाच्या सुमाराला मी आयटी पार्कजवळच्या माण गावात एका मावशींच्या घरी, वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मूळचा परभणीकडचा, नोकरी आयटीत. मावशी वयाने माझ्या आईएवढ्या, एकट्याच असायच्या. त्यांचं रान, म्हणजे शेतजमीन, कंपन्यांसाठी घेतलेल्या जागेत गेलं होतं. हे मला गावात कळलं; त्या स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

त्या वर्षी युरोपातल्या एका क्लायंटकडे आठ-आठ दिवसांच्या तीन-चार फेऱ्या करायचं ठरलं. दर वेळी नवा व्हिसा काढत बसणं शक्य नव्हतं, म्हणून मल्टिपल एंट्री हवा. महिनाअखेरपर्यंत व्हिसा हातात नसेल तर तुझ्या जागी दुसरा जाईल, असं मॅनेजरने हसत सांगितलं. तो हसत बोलला की गोष्ट पक्की असायची. बाकी कागद जमले, पण पासपोर्टवर पत्ता परभणीचा, आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा काहीच नाही. घरमालकाच्या सहीचं संमतीपत्र चालेल, असं व्हिसाचं काम बघणारा एजंट म्हणाला.

ते टाइप करून मी खाली गेलो. मावशी तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, एक सही हवी होती. साधं संमतीपत्र आहे."

त्यांचा हात सुपातच थांबला. "कसलं पत्र म्हनला?"

"संमतीपत्र. मी इथे राहतो, एवढंच लिहिलंय."

"सई न्हाई करायची मी. ऱ्हायचं तर ऱ्हावा."

"पण यात तुमचं काही जात नाही, मावशी."

"असंच म्हनत्यात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

मला राग आला. चांगलाच आला. एवढ्याशा कागदासाठी ही अडाणी बाई माझं करिअर अडवून बसली आहे, असं मी मनात म्हणालो, आणि ते आज लिहितानाही लाज वाटते. चार दिवस मी त्यांच्या दारावरून उगाच खाकरत गेलो. पाचव्या दिवशी त्या गिरणीत गेलेल्या असताना गॅसवाला आला. सिलिंडर मी उतरवून घेतला. गॅसच्या पुस्तकात मावशींच्या जुन्या सह्या होत्या. सुटी सुटी अक्षरं, शेवटचं अक्षर खाली घसरलेलं, आणि वरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या टेबलावर बसून मी तीन कागद वाया घालवले. चौथ्यावर सही जमली. एजंटने ती बघितलीही नाही.

पासपोर्ट मुंबईला वकिलातीत गेला आणि मग मात्र माझी पाचावर धारण बसली. खालचा फोन वाजला की मी जेवण सोडून जिन्यापाशी कान लावायचो. गल्लीत अनोळखी मोटरसायकल थांबली की मी खिडकीतून मागे सरायचो. मावशी नेहमीसारख्याच वागत होत्या. सकाळी कोथिंबिरीची अर्धी जुडी जिन्यावर ठेवायच्या. ती उचलायची मला भीती वाटू लागली होती.

शनिवारी सकाळी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत बॅग. व्हिसाच्या कागदांची पडताळणी करायची आहे, असं त्याने खालूनच सांगितलं. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभा होतो. त्याने माझा कागद काढून मावशींपुढे धरला.

"ही सही तुमचीच का?"

मावशींनी चष्मा आणला. कागद उजेडात धरला. सहीवरून बोट फिरवलं, रेघेपाशी थांबवलं. खोटा कागद दिला म्हणून व्हिसा जाईल, नोकरी जाईल, पोलीस येतील, हे सगळं मला त्यांच्या बोटापाशी दिसत होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माजीच हाय."

त्याने टिपून घेतलं, पाणी प्यायला आणि गेला.

मी खाली उतरलो. "मावशी, चुकलो मी," एवढंच तोंडातून निघालं. त्या चष्मा पुसत राहिल्या.

"रान घ्यायला आलते, तवा दिरानं संमतीपत्रावर माज्या नावानं अशीच सई केलती," त्या म्हणाल्या. "समद्यांम्होरं सांगितलं, ही माजी न्हाई. कुनी ऐकलं न्हाई. आज तुमची सई माजी हाय म्हनलं, तर लगीच ऐकलं."